शिडाच्या नौकेची समुद्रयोग्यता : पाटीवरचे अक्षर, सावरण्याचा वक्र आणि बाकीचे आकडे कसे वाचावेत

शिडाची नौका विकत घेताना, भाड्याने घेताना किंवा दुसऱ्याच्या नौकेवर लांबच्या सफरीला निघताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "नौका ए वर्गाची आहे, काळजी नको." हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते, पण त्यावर काळजी सोडून द्यावी इतके ते पुरेसे नसते. वर्गाचे अक्षर असो, स्थिरता निर्देशांक असो किंवा उलटण्याचे सूत्र असो, यांतला प्रत्येक आकडा एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर असतो. तो प्रश्न कोणता, तो कोणी विचारला आणि त्या वेळी नौका कोणत्या अवस्थेत होती, हे कळल्यावरच उत्तराला किंमत येते. ही उत्तरे कोणत्या क्रमाने मिळवावीत आणि आपल्या समोरच्या नौकेला ती कशी लावून पाहावीत, ते पुढे पायरीपायरीने दिले आहे. मालकपुस्तिका, मोजपट्टी, गणकयंत्र आणि चांगला टॉर्च एवढे साहित्य पुरते.

पहिली पायरी : पाटी वाचा

कॉकपिटमध्ये, म्हणजे नौका चालवण्याच्या उघड्या बैठकीत, बहुधा सुकाणूजवळ किंवा आत उतरण्याच्या दाराशेजारी, एक लहानशी पाटी ठोकलेली असते. युरोपीय संघाने मनोरंजनाच्या नौकांसाठी १९९४ साली एक निर्देश काढला आणि जून १९९८ पासून तो सक्तीचा झाला. पुढे २०१३ साली मंजूर झालेल्या नव्या निर्देशाने त्याची जागा घेतली आणि हा नवा निर्देश १८ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अडीच ते चोवीस मीटर लांबीच्या नौकांना तो लागू होतो. बांधणाऱ्याचे नाव, सीई चिन्ह (युरोपीय नियमांशी अनुरूप असल्याची खूण), रचना-वर्गाचे अक्षर, माणसांची कमाल संख्या आणि कमाल भार या गोष्टी त्याच निर्देशामुळे पाटीवर येतात.

पाटीवर वर्गाच्या किती ओळी आहेत, ते आधी पाहावे. पुष्कळ नौकांच्या पाटीवर एकच अक्षर नसते. ‘ए – ८ माणसे, बी – १० माणसे, सी – १२ माणसे’ अशा दोन-तीन ओळी असतात. याचा अर्थ असा की आठ माणसे असेपर्यंतच ती नौका ए वर्गाची आहे, आणि अकरावा माणूस चढला की कागदोपत्री ती सी वर्गाची होते. जाहिरातीत मात्र फक्त पहिली ओळ छापली जाते आणि निजण्याच्या जागा शेवटच्या ओळीप्रमाणे मोजल्या जातात.

भाराचा आकडाही जपून वाचावा लागतो. पाटीवरच्या कमाल भारात पाणी आणि इंधन यांच्या पक्क्या टाक्यांतील वजन धरलेले नसते, आणि स्थिरतेच्या मानकात माणूस पंचाहत्तर किलोचा धरतात. जाडजूड कपडे घातलेला, सामानाच्या दोन पिशव्या घेऊन चढणारा माणूस पंचाहत्तर किलोत बसणे कठीण, म्हणून आपल्या माणसांची आणि सामानाची बेरीज स्वतः करून पाहावी.

पिछाडीच्या उजव्या बाजूस चौदा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. शेवटच्या चार चिन्हांपैकी पहिले अक्षर बांधणीचा महिना दाखवते (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे), त्यानंतरचा अंक बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि उरलेले दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. विक्रेत्याने सांगितलेले वर्ष बांधणीचे आहे की मॉडेलचे, हे त्यावरून लगेच कळते.

दुसरी पायरी : अक्षरामागची मर्यादा समजून घ्या

ए, बी, सी आणि डी हे चार वर्ग वारा आणि लाट या दोन मापांवर ठरतात. डी वर्गाची नौका बोफर्ट मापनातील (वाऱ्याचा जोर आकड्यांत सांगणाऱ्या मोजपट्टीवरील) ४ बलापर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि ०.३ मीटरपर्यंतच्या लाटांसाठी असते, अधूनमधून अर्ध्या मीटरची लाट आली तरी चालते. सी वर्ग ६ बलापर्यंत आणि २ मीटरपर्यंत, तर बी वर्ग ८ बलापर्यंत आणि ४ मीटरपर्यंत असतो. ८ बलाहून अधिक वारा आणि ४ मीटरहून अधिक लाट आली की ए वर्ग लागतो.

जुन्या निर्देशात या वर्गांना महासागर, किनाऱ्यापासून दूर, किनाऱ्यालगत आणि सुरक्षित पाणी अशा अर्थाची नावे जोडलेली होती. नव्या निर्देशात ती वगळली आहेत, आणि ते योग्यच झाले. ही नावे ऐकून लोक वर्गाला भूगोल चिकटवत असत. किनाऱ्यापासून दोन मैलांवर वारा आणि भरतीचा प्रवाह समोरासमोर भिडले तर तिथली लाट बी वर्गाची मर्यादा ओलांडू शकते, आणि निवांत दिवशी भर महासागरात सी वर्गाची परिस्थिती असते. वर्गाचा संबंध त्या वेळच्या वाऱ्या-लाटांशी असतो, नकाशावरच्या जागेशी नसतो.

ए वर्गाला वरची मर्यादा नाही, हा दुसरा गैरसमज आहे. निर्देशाच्या मजकुरात असाधारण परिस्थिती स्पष्टपणे वगळली आहे आणि वादळ, प्रचंड वादळ, चक्रीवादळ, टोकाची सागरी स्थिती व राक्षसी लाट ही त्याची उदाहरणे दिली आहेत. बोफर्ट मापनात वादळ हे नाव १० बलाला आहे, म्हणजे ए हे अक्षर वादळात टिकण्याची हमी देत नाही.

लाटेचे जे माप इथे वापरतात ते ‘लक्षणीय लाट-उंची’ या नावाने ओळखले जाते. दिसणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या उंचीची ती सरासरी असते. चार मीटर लक्षणीय उंचीच्या समुद्रात काही तास काढले तर त्यात जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट गाठ पडणे अपेक्षितच आहे. वाऱ्याचेही तसेच आहे. बोफर्टचा आकडा सरासरी वाऱ्याचा असतो, झोत त्याहून बराच जोराचा येतो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६ बलाच्या वरच्या टोकाला वारा २७ नॉट (ताशी सागरी मैल) असतो, ८ बलाच्या टोकाला ४० नॉट. वेग दीडपटच वाढला, पण शिडावरचा दाब दुपटीहून अधिक झाला.

तिसरी पायरी : तपासणी कोणी केली ते पाहा

सीई चिन्हापुढे चार अंकी क्रमांक असेल तर तो तपासणीत सहभागी असलेल्या मान्यताप्राप्त संस्थेचा असतो. डी वर्गाच्या नौकांसाठी, तसेच प्रमाणित मानकांनुसार बांधलेल्या १२ मीटरहून लहान सी वर्गाच्या नौकांसाठी बांधणाऱ्याची स्वतःची घोषणा पुरते. ए आणि बी वर्गात मात्र बाहेरची संस्था लागतेच. तिथेही एक खाच आहे : १२ मीटरहून लहान नौकेसाठी बांधणारा असा मार्ग निवडू शकतो की ज्यात त्या संस्थेची नजर मुख्यतः स्थिरता आणि तरंगशीलता यांच्या चाचणीवर असते आणि बांधणीच्या मजबुतीची ग्वाही त्याची त्यालाच द्यायची असते. याउलट नमुना-तपासणीच्या मार्गात रचनेची संपूर्ण कागदपत्रे संस्थेपुढे जातात. कोणता मार्ग घेतला होता, ते मालकपुस्तिकेसोबतच्या अनुरूपतेच्या घोषणापत्रात लिहिलेले असते. ते पत्र मागून घ्यावे.

चौथी पायरी : सावरण्याचा वक्र मिळवा आणि सावकाश वाचा

सगळ्या मानांकनांत सर्वाधिक माहिती या एका आलेखात असते आणि सर्वांत कमी लोक तो पाहतात. मराठीत कलणे, आडवे पडणे आणि पालथे होणे हे तीन वेगळे शब्द आहेत आणि हा वक्र नेमका या तीन अवस्थांमधून जातो. आडव्या अक्षावर नौका किती अंश कलली ते, आणि उभ्या अक्षावर तिला पुन्हा उभे करणारी तरफ किती लांब आहे ते मांडलेले असते. नौकेचे वजन एका बिंदूतून खाली ओढते आणि पाण्याचा उद्धरण दाब दुसऱ्या बिंदूतून वर ढकलतो. या दोन रेषांमधले आडवे अंतर म्हणजे ही तरफ. तरफेची लांबी गुणिले नौकेचे वजन हा सावरण्याचा खरा जोर असतो, म्हणून सारखाच वक्र असलेल्या दोन नौकांपैकी जड नौका अधिक जोराने सावरते.

सुरुवातीचा चढ, म्हणजे शून्यापासून साधारण तीस अंशांपर्यंतचा भाग, नौका शिडाखाली किती ताठ चालते ते सांगतो. रुंद नौकेचा चढ तीव्र असतो. बंदरात अशा नौकेवर पाऊल ठेवले तर ती हलत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की किती भक्कम आहे! पण हा ताठपणा रुंदीतून आलेला असतो, आणि नौका पूर्ण आडवी पडल्यावर रुंदी शत्रू होते.

नव्वद अंशांवर, म्हणजे डोलकाठी पाण्याला टेकलेली असताना, तरफ किती उरते ते त्यानंतर पाहावे. शिडात पाणी भरले असतानाही नौका उठायची असेल तर इथे भरपूर तरफ शिल्लक हवी.

पुढे वक्र शून्य रेषेला छेदतो. तो छेदनबिंदू म्हणजे स्थिरता संपण्याचा कोन. त्याच्या अलीकडे नौका आपोआप उभी राहते, पलीकडे गेली की पालथी होते आणि पालथ्या अवस्थेतच स्थिर राहू पाहते. किती हट्टाने राहील, ते रेषेखालच्या क्षेत्रफळावरून कळते. रेषेच्या वरचे क्षेत्रफळ मोठे आणि खालचे लहान असेल, तर नौका पालथी पाडायला मोठी ऊर्जा लागेल आणि तिला परत उठवायला पुढची लहान लाटही पुरेल. रुंद, सपाट डेकच्या नौकेत खालचे क्षेत्रफळ मोठे असते. १९९६-९७ च्या व्हेंडी ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत दक्षिण महासागरात अनेक नौका उलटल्या, काही पालथ्याच राहिल्या, आणि टोनी बुलिमोर याला आपल्या पालथ्या नौकेच्या आत दिवस काढावे लागले. त्यानंतर त्या वर्गाच्या नौकांना पालथ्या अवस्थेतून सावरून दाखवण्याची चाचणी द्यावी लागू लागली.

मनोरंजनाच्या नौकांच्या स्थिरतेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२२१७ हे असून त्याचा दुसरा भाग सहा मीटर व त्याहून लांब शिडाच्या नौकांसाठी आहे. त्यात या कोनाची किमान मर्यादा नौकेच्या वजनाशी बांधली आहे. ए वर्गासाठी किलोग्रॅममधील वजनाला ०.००२ ने गुणून तो गुणाकार १३० मधून वजा करावा, मात्र उत्तर शंभर अंशांखाली चालत नाही. बी वर्गासाठी ०.००५ ने गुणावे आणि तिथली खालची मर्यादा पंचाण्णव अंश आहे. सी वर्गाला ९० आणि डी वर्गाला ७५ अंश पुरतात. ५,५०० किलोच्या नौकेला ए वर्गासाठी ११९ अंश लागतील, बी वर्गासाठी १०२.५. हलक्या नौकेकडून अधिक कोन मागितला जातो, कारण तिला फेकून द्यायला लहान लाटही पुरते.

पाचवी पायरी : आजच्या वजनांनी तो कोन पुन्हा तपासा

पुस्तिकेतला वक्र कारखान्यातून निघालेल्या नौकेचा असतो. त्यानंतरच्या मालकांनी डोलकाठीवर रडार चढवले, पुढच्या शिडाला गुंडाळणारी यंत्रणा बसवली, मुख्य शीड डोलकाठीच्या आत गुंडाळले जाईल अशी सोय केली, मागच्या कमानीवर सौर पट्ट्या आणि डेकवर जीवरक्षक तराफा ठेवला. या प्रत्येक वस्तूने गुरुत्वमध्य वर सरकतो.

किती सरकतो, हे घरबसल्या काढता येते. समजा, नौका ५,५०० किलोची आहे, स्थिरता संपण्याचा कोन १२२ अंश आहे आणि नव्वद अंशांवरची तरफ ३५० मिलिमीटर आहे. डोलकाठीवर एकूण ४० किलो वजन वाढले आणि ते नौकेच्या गुरुत्वमध्यापासून सरासरी ८ मीटर उंचीवर आहे. ४० गुणिले ८ म्हणजे ३२०. त्याला नव्या एकूण वजनाने, म्हणजे ५,५४० ने भागले की गुरुत्वमध्य ०.०५८ मीटर, म्हणजे ५८ मिलिमीटर वर गेल्याचे कळते. कोणत्याही कोनावर तरफ किती कमी होईल, ते या सरकण्याला त्या कोनाच्या साइनने गुणून मिळते. नव्वद अंशांवर साइन १ असल्याने पूर्ण ५८ मिलिमीटर वजा होतात, म्हणजे तरफेचा सहावा भाग गेला. १२२ अंशांजवळ सुमारे ४९ मिलिमीटर वजा होतात. नव्वद ते १२२ या बत्तीस अंशांत वक्र ३५० मिलिमीटर उतरतो, म्हणजे दर अंशाला सुमारे ११. तेव्हा शून्याचा बिंदू साधारण साडेचार अंश अलीकडे येऊन ११७.५ वर थांबतो. या नौकेला ए वर्गासाठी ११९ लागत होते. पाटीवरचे ए अक्षर जागच्या जागी आहे, पण डोलकाठीवरच्या चाळीस किलोंनी त्याचा एक आधार काढून घेतला आहे.

हे गणित ढोबळ आहे, कारण वजन वाढल्याने नौका किंचित खोल बसते आणि वक्राचा आकारही थोडा बदलतो. पण कोणता बदल क्षुल्लक आणि कोणता गंभीर, हे ठरवायला ते पुरते. शंका राहिली तर कलन-चाचणी करून घ्यावी, ज्यात ठरावीक वजने डेकवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवून नौका किती कलते ते मोजतात आणि त्यावरून खरा गुरुत्वमध्य काढतात.

एक गंमतीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. डोलकाठीचे वजन स्थिरतेचा वक्र बिघडवते, पण तीच डोलकाठी लाटेच्या अचानक तडाख्याला प्रतिकारही करते, कारण तिच्या उंचीमुळे नौकेचे गोल फिरण्याविरुद्धचे जडत्व बरेच वाढते. डोलकाठी मोडून पडलेली नौका पुढच्या लाटेला अधिक सहज उलटते, आणि स्थिर अवस्थेत काढलेल्या कोणत्याही वक्रात हे दिसत नाही.

सहावी पायरी : स्थिरता निर्देशांकातला लांबीचा वाटा ओळखा

आयएसओच्या त्याच मानकात ‘स्टिक्स’ या नावाचा एक निर्देशांक आहे. ए वर्गासाठी तो किमान ३२, बीसाठी २३, सीसाठी १४ आणि डीसाठी ५ लागतो. नौकेच्या लांबीवरून एक मूळ आकडा काढतात आणि त्याला सात घटकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणतात. उलटी झाल्यावर सावरणे, आडवी पडल्यावर शिडातले पाणी झटकून उठणे, वाऱ्याच्या झोताने उघड्या जागांतून पाणी शिरणे, रुंदी आणि वजनाचे प्रमाण अशा गोष्टी त्या घटकांत येतात.

मूळ आकडा कसा काढतात ते पाहिले की या निर्देशांकाचा कल उघड होतो. पाण्याला टेकणाऱ्या लांबीची दुप्पट आणि एकूण लांबी यांची बेरीज तीनने भागतात, तिला २.२५ ने गुणतात आणि ७ मिळवतात. बारा मीटर लांबीच्या, अकरा मीटर जलरेषेच्या नौकेचा मूळ आकडा ३२.५ येतो; सातही घटक एक एक, म्हणजे जेमतेम बरे असले तरी ती ए वर्गाची अट ओलांडते. दहा मीटर लांबीच्या, नऊ मीटर जलरेषेच्या नौकेचा आकडा २८ येतो. तिला ए वर्गात जायचे तर सात घटकांचा गुणाकार १.३ च्या वर न्यावा लागतो. लांबीला असे वजन देणे चुकीचे नाही, कारण मोठ्या नौकेला उलटवायला मोठी लाट लागते. परंतु ३४ निर्देशांकाची चौदा मीटरची नौका आणि ३४ निर्देशांकाची साडेनऊ मीटरची नौका समोरासमोर ठेवल्या, तर दुसरीच्या रचनाकाराने किती अधिक काम केले आहे, ते आकडा सांगत नाही. माझ्या मते निर्देशांक फक्त साधारण सारख्या लांबीच्या नौकांची तुलना करण्यासाठी वापरावा.

सातवी पायरी : स्वतःची दोन गणिते करा, पण त्यांच्यावर विसंबू नका

ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या समुद्रात वादळाने त्यांना गाठले आणि शर्यतीतील पंधरा खलाशी मरण पावले. त्यानंतर अमेरिकेतील नौकानयन संघटना आणि नौकारचनाकारांची संस्था यांच्या संयुक्त समितीने उलटण्याच्या धोक्याची एक प्राथमिक चाळणी सुचवली : फुटांमधील रुंदीला, पौंडांमधील वजन भागिले ६४ याच्या घनमुळाने भागावे, उत्तर २ पेक्षा कमी आले तर नौका चाळणीतून पुढे जाते. ६४ हा आकडा म्हणजे एक घनफूट समुद्राच्या पाण्याचे वजन. त्यामुळे मेट्रिक मापांत हेच गणित आणखी सोपे होते : किलोग्रॅममधील वजन १,०२५ ने भागावे, त्याचे घनमूळ काढावे आणि मीटरमधील रुंदीला त्याने भागावे. ५,५०० किलो वजनाच्या, ३.४ मीटर रुंदीच्या नौकेचे उत्तर १.९४ येते. त्याच वजनात रुंदी ३.९ मीटर केली तर २.२३.

या सूत्रात गुरुत्वमध्य कुठेच नाही. कीलमधले, म्हणजे बुडाखालच्या जड पात्यातले, पाचशे किलो शिसे काढून डोलकाठीच्या टोकाला बांधले तरी उत्तर तेच येईल. त्याहून विचित्र म्हणजे डेकवर सामान लादले की वजन वाढते आणि आकडा ‘सुधारतो’. म्हणून हे सूत्र वक्र मुळीच उपलब्ध नसलेल्या जुन्या नौकांसाठी आणि तेही रिकाम्या वजनावर वापरावे.

दुसरे गणित आरामाच्या गुणोत्तराचे. रचनाकार टेड ब्रूअर यांनी ते मांडले, आणि अर्ध्या थट्टेने मांडले असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. जड आणि अरुंद नौका लाटेवर सावकाश हलते, एवढेच ते मोजते. आपल्या उदाहरणातल्या ३.४ मीटर रुंद नौकेची लांबी दहा मीटर आणि जलरेषा नऊ मीटर धरली तर उत्तर २५ च्या आसपास येते. समुद्र लागून निजून राहिलेला खलाशी चुका करतो, या अर्थाने त्याचा सुरक्षिततेशी संबंध आहे, पण समुद्रयोग्यतेचे मानांकन म्हणून कोणी ते पुढे केले तर हसून सोडून द्यावे.

फास्टनेटनंतर झालेल्या प्रतिकृतींच्या चाचण्यांतला एक निष्कर्ष मात्र या दोन्ही सूत्रांहून मोलाचा आहे. नौकेच्या लांबीच्या तीस टक्के उंचीची फुटणारी लाट बाजूने आदळली तर काही नौका उलटतात, आणि साठ टक्के उंचीच्या फुटणाऱ्या लाटेपुढे जवळजवळ कोणतीच टिकत नाही. दहा मीटरच्या नौकेसाठी पहिली उंची तीन मीटर होते. वर्गाचे अक्षर कोणतेही असो, फुटणाऱ्या लाटेला कूस न देणे हे चालवणाऱ्याच्या हातात असते.

जोड-बांध्याच्या नौका

दोन बांध्यांची कॅटामरान आणि तीन बांध्यांची ट्रायमरान यांना वरचे बरेचसे निकष लागू होत नाहीत. त्या उलटायला प्रचंड जोर लागतो, पण उलटल्यावर त्या स्वतःहून सावरत नाहीत. त्यांच्याबाबतीत पालथ्या अवस्थेत तरंगत राहण्याची क्षमता आणि आतून बाहेर निघण्याची वाट पाहावी. राहण्याजोग्या आणि उलटण्याचा धोका असलेल्या अशा नौकेत सुटकेची वाट असणे निर्देशानुसार बंधनकारक आहे. ते झाकण आतून एका हाताने उघडते का, ते करून पाहावे.

आठवी पायरी : आकड्यांना न दिसणाऱ्या जागा हाताने तपासा

सावरण्याचा सगळा हिशेब कील जागेवर आहे असे गृहीत धरून केलेला असतो. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही सुमारे बारा मीटरची नौका अँटिग्वाहून इंग्लंडकडे परतत असताना अटलांटिक महासागरात कील निखळल्यामुळे पालथी झाली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. आधी कील तळाला लागण्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलला धरणारा आतला सांगाडा कमकुवत झाला असावा, असे ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने म्हटले.

कील खडकाला लागते तेव्हा तिचे खालचे टोक थबकते आणि नौका पुढे जाऊ पाहते. त्यामुळे कीलची मागची कड बुडात वर घुसते आणि पुढची कड खाली ओढली जाते. म्हणून बाहेरून पुढच्या जोडावर बारीक फट आणि गंजाचा ओघळ शोधावा, आणि आतून कीलच्या मागच्या टोकावरच्या आडव्या पट्ट्यांकडे टॉर्च रोखावा. एकदा एका नौकेच्या बिल्जमध्ये, म्हणजे बुडाच्या आतल्या तळात, मी प्लास्टिकच्या हातोडीने अशाच पट्ट्यांवर ठोकत गेलो. पहिल्या तीनवर टणक, खणखणीत आवाज आला, चौथीवर पुठ्ठ्यावर मारावे तसा बद्द आवाज आला. पट्टी दिसायला शाबूत होती, पण तिच्या आणि बुडाच्या मध्ये चिकटवणी सुटून पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली होती. कॉकपिटातल्या पाटीवर ए हे अक्षर मात्र लखलखीत होते.

पाण्याखालच्या नळजोडांचेही असेच आहे. त्यांच्या मानकात गंजरोधकतेची कसोटी पाच वर्षांच्या सेवाकाळावर लावलेली आहे, त्यामुळे साध्या पितळेचे सीकॉकही (हे नळ बंद करण्याच्या तोट्या) नियमात बसत आले आहेत. पितळातील जस्त समुद्राच्या पाण्यात झिरपून जाते. चाकूने हलकेच खरवडल्यावर आत पिवळा रंग दिसला तर ठीक; गुलाबी छटा दिसली तर तो भाग हातात मोडून येण्याच्या वाटेवर आहे.

आत उतरण्याच्या दाराच्या फळ्या नौका पालथी झाल्यावर गळून पडतात का, हेही पाहावे. १९७९ च्या फास्टनेटमध्ये फळ्या निसटून नौकांत पाणी शिरले होते. त्या आतून आणि बाहेरून अडकवता आल्या पाहिजेत. त्याच शर्यतीत चोवीस नौका खलाशांनी सोडून दिल्या होत्या आणि त्यांतल्या एकोणीस नंतर तरंगत सापडल्या. पाणी आत येऊ न देणे किती मोलाचे आहे, ते या दोन आकड्यांवरून दिसते.

नववी पायरी : शर्यतींचे वर्ग वेगळे ठेवा

वर्ल्ड सेलिंग या संस्थेच्या खुल्या समुद्रातील विशेष नियमांत शून्यापासून चारपर्यंत वर्ग आहेत. इथे क्रम उलटा आहे : शून्य सर्वांत कठीण, म्हणजे थंड महासागरांपार जाणाऱ्या शर्यती, आणि चार सर्वांत सोपा. शिवाय हे वर्ग नौकेला जन्मभर चिकटत नाहीत. ते शर्यतीला दिलेले असतात आणि त्या शर्यतीसाठी नौकेवर कोणती साधने व तयारी हवी ते सांगतात. शर्यत लावायची नसली तरी आपल्या सफरीला जवळचा वर्ग निवडून त्याची साधनसूची तपासयादी म्हणून वापरणे फार उपयोगी पडते.

पाटी नसलेल्या नौका

१९९८ च्या आधी बांधलेल्या कितीतरी उत्तम नौकांवर वर्गाची पाटी नाही, आणि पाटी नसणे हा दोष नाही. अमेरिकेत छोट्या मोटरबोटींवर भाराची पाटी कायद्याने लागते, पण शिडाच्या नौकांना त्यातून सूट आहे. म्हणून तिथल्या नौकेवर ती दिसली नाही तरी चकित होऊ नये. अशा वेळी रचनाकाराचा किंवा शर्यतीच्या मापन-प्रमाणपत्राचा स्थिरता-वक्र शोधावा आणि तो मिळालाच नाही, तर सातव्या पायरीतली चाळणी व आठव्या पायरीतली पाहणी यांच्यावर भर द्यावा.

दहावी पायरी : एका पानावर मांडा

मिळालेली माहिती नकाशांच्या टेबलाजवळ राहील अशा एका पानावर लिहावी. वरच्या ओळीत पाटीवरचा वर्ग आणि त्या वर्गासाठीची माणसांची संख्या, त्याखाली पुस्तिकेतला स्थिरता संपण्याचा कोन आणि आजच्या वजनांनी काढलेला कोन, दोन्ही शेजारी शेजारी. मग आपल्या नौकेच्या लांबीच्या तीस टक्के किती मीटर होतात तो आकडा, कारण हवामानाचा अंदाज वाचताना तोच आधी आठवायला हवा. त्याखाली डोलकाठीवर आणि डेकवर चढवलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन, उंची आणि तारीख. सर्वांत खाली सीकॉक शेवटचे कधी बदलले ते, आणि कील तळाला कधी, कुठे व किती वेगात लागली होती ते, मग तो मऊ वाळूवरचा हलका धक्का असला तरीही.